आधी दाराची कडी लिहा : पहिली खुनाची कादंबरी लिहिणाऱ्यांसाठी

एका दिवाळी अंकाकडे आलेल्या रहस्यकथा चाळायचं काम काही वर्षांपासून माझ्याकडे आहे. पहिल्या ओळीत रक्ताचं थारोळं, दुसऱ्या ओळीत इन्स्पेक्टर आणि तिसऱ्या ओळीत त्याची सिगरेट, अशा कथांचा गठ्ठा दर पावसाळ्यात माझ्या टेबलावर साचतो. यंदा त्यात एकाच बीजाच्या तीन कथा निघाल्या. शहरात एकामागून एक खून होतायत, घरात दोन भाऊ आहेत आणि एकाला दुसऱ्याचा संशय येतो. बीज चांगलं आहे. तिन्ही कथा मात्र मी परत पाठवल्या. त्यातलं शहर कुठलं, साल कुठलं, घराला दार कसलं, रात्री कोण कुठे झोपतं, यातलं काहीच लेखकांनी ठरवलेलं नव्हतं.

त्या तिघांना वेगवेगळी पत्रं लिहिण्यापेक्षा हे एकदाच लिहून टाकतो. नमुना म्हणून पुणं घेतो, १९७६ सालचं. जोशी-अभ्यंकर हत्याकांडाचं पुणं, जिथे एका टोळीनं दहा जणांचे खून केले. दोन भाऊ मात्र आपण आपले घडवू.

आधी शहर, त्याच्यासोबत साल

‘एक शहर’ असं लिहून चालत नाही, कारण प्रत्येक शहराची भीती वेगळी असते. ऑगस्ट १९६८ मध्ये मुंबईच्या उपनगरांत रामन राघवच्या खुनांनी लोकांची झोप उडाली. तो मारायचा झोपलेल्या माणसांना, फुटपाथवर, झोपड्यांत, उघड्यावर. म्हणजे मुंबईत मेली ती दार नसलेली माणसं. आठ वर्षांनी पुण्यात मारेकरी घराच्या पुढच्या दारानं आत आले. तिथे मेली ती दार असलेली माणसं, आणि त्यांतल्या एका घरात तर रीतसर बेल वाजवून दार उघडून घेतलं गेलं.

कादंबरीचा अख्खा पोत या एका फरकावर ठरतो. मुंबईतल्या कादंबरीत माणसं रात्री एकत्र झोपायला लागतील, आळीपाळीनं जागतील, हातात काठ्या घेऊन गस्त घालतील आणि एखाद्या भलत्याच भिकाऱ्याला झोडपतीलही. पुण्यातल्या कादंबरीत माणसं आत जातील, कडी लावतील आणि कडीकडे बघत बसतील. दोन भावांची गोष्ट मला पुण्यात जास्त जमेल असं वाटतं ते याचसाठी. बंद दाराआड दोनच माणसं जागी असली की ती एकमेकांकडे बघणारच.

मुंबईचा पर्याय टाकून देऊ नका. रामन राघवला २७ ऑगस्ट १९६८ रोजी डोंगरी भागात अ‍ॅलेक्स फियालो या सब-इन्स्पेक्टरनं पकडलं. सेशन्स कोर्टानं दिलेली फाशी पुढे त्याच्या मनोविकारामुळे १९८७ साली उच्च न्यायालयानं जन्मठेपेवर आणली आणि १९९५ साली तो मेला. त्यात भाऊ हवेच असतील तर फुटपाथवर शेजारी झोपणारे दोघे घ्या. ती कादंबरी वेगळी होईल, आणि बहुधा माझ्या नमुन्यापेक्षा अवघड.

दोन तारखा लिहायला शिका

नवशिक्यांकडून हमखास राहणारी गोष्ट ही आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

पुण्यातली ही मालिका जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ अशी चालली. दहा खून झाले. आज आपण यादी वाचतो तेव्हा ती पहिल्यापासून शेवटपर्यंत सरळ वाचतो. त्या वर्षी पुण्यात राहणाऱ्याला ती तशी दिसतच नव्हती. जानेवारीत एक कॉलेजचा मुलगा नाहीसा झाला, घरच्यांना पैशांची मागणी करणारी चिठ्ठी आली. शहराच्या लेखी तो बेपत्ता होता. त्याचा खून झाला होता आणि देह सारसबागेजवळच्या तळ्यात होता, हे उघड झालं ते सव्वा वर्षानं, मारेकरी सापडल्यावर. शहराची भीती खऱ्या अर्थानं सुरू झाली ३१ ऑक्टोबर १९७६ ला, विजयानगर कॉलनीतल्या जोशी कुटुंबापासून. १ डिसेंबरला भांडारकर रस्त्यावरच्या अभ्यंकरांच्या बंगल्यात पाच जणांचा जीव गेला, आणि मग पुण्यानं दारं लावून घेतली.

म्हणून वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे ‘काय घडलं’, उजवीकडे ‘शहराला कधी कळलं’. त्या शेजारी तिसरा रकाना हवा : ‘घरात कोणाला काय ठाऊक’. तुमची उत्कंठा सगळी या तीन रकान्यांच्या फटींतून येणार आहे. थोरल्याला एक गोष्ट माहीत, धाकट्याला दुसरी, आणि पेपरात तिसरीच.

तारखांना अंग द्या. ३१ ऑक्टोबर १९७६ हा रविवार होता. दिवाळी उलटून आठवडा झालेला, तुळशीचं लग्न तोंडावर आलेलं. डब्यातला चिवडा तळाला, कंदील अजून उतरवलेला नाही. १ डिसेंबर हा बुधवार, मार्गशीर्षातला शुद्ध पक्ष, म्हणजे आकाशात चांगला मोठा चंद्र. एका कथेत त्या रात्री ‘अमावास्येचा मिट्ट काळोख’ वाचून मी वही मिटली. जुनं पंचांग उघडलं की हे सगळं मिळतं. डिसेंबरात पुण्यात सहाच्या सुमाराला दिवस मावळतो, हेही लक्षात असू द्या. साडेपाचला ऑफिस सुटलेला माणूस अंधार पडता पडता सायकलवर असतो.

माहिती कुठे शोधाल

जुनी वर्तमानपत्रं बघा. पुणे नगर वाचन मंदिर, ठाण्याचं आणि मुंबईचं मराठी ग्रंथसंग्रहालय अशा जुन्या संस्थांत विचारपूस करा, कुठल्या वर्षाचे अंक बघता येतील ते विचारा. खुनाची बातमी वाचून झाली की त्या दिवसाच्या पेपरातल्या जाहिराती वाचा, सिनेमाचे खेळ वाचा, निधनवार्ता वाचा. बातमीत शहर घाबरलेलं असतं, पण त्याच पानावर त्याला साड्यांचा सेलही दिसत असतो.

दुसरा साठा म्हणजे निकालपत्रं. या खटल्यात चौघांना १९७८ साली फाशीची शिक्षा झाली आणि २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवडा तुरुंगात ती अमलात आली. वरच्या न्यायालयांचे निकाल वाचायला मिळतात. भाषा रुक्ष आहे, पण कोणी किती वाजता काय पाहिलं याचा हिशेब त्यात असतो, आणि माणसं किती साध्या गोष्टी बघून विसरतात हेही कळतं.

तिसरा साठा म्हणजे आज सत्तरीत असलेले लोक. त्यांना ‘तेव्हा काय वाटलं’ असं विचारू नका, सगळे एकच उत्तर देतात. ‘तेव्हा दूध कोण आणायचं’ असं विचारा. सरकारी दूध केंद्रावरच्या पहाटेच्या रांगेत आधी घरातलं पोर जायचं, मग वडील जायला लागले, असं एखादं वाक्य निघतं आणि त्या वाक्यात तुमचं अख्खं प्रकरण बसलेलं असतं.

घराचा नकाशा काढा

कागदावर, पट्टीनं. चित्र येत नसेल तरी काढा.

माझे दोन भाऊ मी सदाशिव पेठेतल्या वाड्यात ठेवतो. खऱ्या घटना बंगल्यांत, सुट्या घरांत घडल्या हे ठाऊक असूनही वाडा, कारण वाड्यात कोणी कधी आलं-गेलं हे पंधरा बिऱ्हाडांना कळतं. दिंडी दरवाज्याला रात्री आतून अडसर लागला की उशिरा येणाऱ्याला कोणाला तरी उठवावंच लागतं. धाकटा भाऊ रात्री अकराला आला, तर ते थोरल्याच्या आधी खालच्या बिऱ्हाडातल्या काकूंना कळणार आणि सकाळी नळावर सगळ्यांना.

संडास अंगणाच्या टोकाला. भीतीच्या दिवसांत रात्री तिथे कोणी एकट्यानं जाईना, हा प्रसंग मी कुठल्याच कथेत वाचलेला नाही. वहिनीला जायचंय, नवरा नाइटला आहे, सासू झोपलीय, मग कंदील घेऊन सोबतीला कोण येणार? धाकटा दीर. अंगणात उभं राहून दोघांत जे चार शब्द होतील, त्यात तुम्हाला दहा खुनांपेक्षा जास्त काम करता येईल.

दाराबद्दल नीट ठरवा. कडी वरची की खालची? अडणा आहे का? दाराला भोक आहे का, की ‘कोण?’ म्हणून ओरडावं लागतं? भीतीच्या आधीच्या प्रकरणांत ते दार दिवसभर उघडं दाखवा, भाजीवाली थेट स्वयंपाकघरापर्यंत येऊ दे. पुढे ते बंद झालं की वाचकाला कोणी सांगायची गरज उरत नाही.

भाऊ

आता मुख्य मामला. संशयाला पाया लागतो. ‘हल्ली तो गप्प गप्प असतो’ एवढ्यावर कोणी सख्ख्या भावाला खुनी समजत नाही. तीन गोष्टी जुळाव्या लागतात : जुनी देणी, आत्ताचं गुपित आणि एखादी वस्तू.

जुनी देणी मी पानशेतला नेऊन बांधतो. १२ जुलै १९६१ ला पानशेत आणि मागोमाग खडकवासल्याचं धरण फुटलं, नदीकाठच्या पेठांतली घरं गेली. त्या वेळी थोरला सोळा वर्षांचा, धाकटा सहाचा. घर गेलं, दोन वर्षांत वडीलही गेले. थोरल्यानं शिक्षण सोडलं आणि महापालिकेच्या जकात नाक्यावर कारकून झाला. त्या पगारावर धाकटा शिकला. थोरल्यानं हे कधी बोलून दाखवलेलं नाही, आणि तेच धाकट्याला सोसत नाही. उपकार बोलून दाखवला तर भांडता तरी येतं.

जकात नाका उगाच निवडलेला नाही. नाका गावाच्या वेशीवर, पाळ्या रात्रीच्या. ज्या शहरात सात वाजता रस्ते ओस पडतात तिथे हा माणूस पहाटे चारला सायकल हाणत घरी येतोय. म्हणजे संशय दोन्ही बाजूंनी येऊ शकतो. धाकटाही विचारू शकतो, ‘तुझी पाळी दोनला सुटली, मग चारपर्यंत कुठे होतास?’

आता गुपितं. साल १९७६, आणीबाणी चालू आहे. पुण्याच्या पेठांतली कितीतरी माणसं मिसाखाली, म्हणजे खटला न चालवता डांबून ठेवणाऱ्या कायद्याखाली, येरवड्यात होती. भूमिगत पत्रकं सायक्लोस्टाइलवर, म्हणजे हातानं चालवायच्या प्रती काढणाऱ्या यंत्रावर, निघायची आणि रात्री हातोहात जायची. धाकटा हे काम करतो. रात्री तो कुठे असतो हे तो सांगू शकत नाही, कारण सांगितलं तर थोरल्याची नोकरी जाईल. तो गप्प बसतो ते भावाला वाचवायला, आणि भावाला ती चुप्पी खुन्याची वाटते. इथे लेखकाला बळंच गैरसमज घडवावा लागत नाही, साल स्वतःच तो घडवतं.

थोरल्याचंही काही असू द्या. त्या काळात सरकारी आणि पालिकेच्या नोकरांवर नसबंदीच्या ‘केसेस’, म्हणजे शस्त्रक्रियेला तयार माणसं, आणायचा दबाव होता. थोरल्याला केस मिळाली नाही, म्हणून तो स्वतःच शस्त्रक्रिया करून आला आणि घरात सांगितलं नाही. आई नातवासाठी नवस करतेय. अशा माणसाला धाकट्यानं ‘रात्री कुठे होतास’ विचारलं तर तो चिडणारच, आणि चिडलेला माणूस काहीतरी लपवतोय असंच दिसणार.

या सालाचा आणखी एक फायदा मला उशिरा सुचला. १९७६ मध्ये रात्री दारावर पडलेल्या थापेचे अर्थ दोन होते. मारेकरी असतील, किंवा पोलीस असतील. धाकट्याला दुसऱ्याची भीती आहे, बाकी घराला पहिल्याची. एकच थाप, एकाच खोलीत चार माणसं दचकतात आणि दचकण्याची कारणं निराळी. हा प्रसंग कादंबरीच्या बरोबर मध्यावर ठेवा.

वस्तू म्हणून नायलॉनची दोरी. या खुनांत गळा आवळायला ती वापरली गेली. आणि पुण्यातल्या डोंगर चढणाऱ्या कुठल्याही पोराच्या पिशवीत तेव्हाही दोरी असायची. धाकटा रविवारी सिंहगडावर जातो. दोरी माळ्यावर ट्रंकेमागे आहे. आईला ती सापडते. ती कोणालाच काही बोलत नाही, दोरी उचलते आणि पिठाच्या डब्यात खाली घालून वर पीठ ओतते. आता घरात तिसरं गुपित झालं. ती मुलाला विचारत का नाही? विचारलं तर उत्तर ऐकावं लागेल. हे वाक्य कादंबरीत लिहू नका बरं, मी तुम्हाला समजावं म्हणून लिहिलं. तिथे फक्त पीठ ओता.

शर्टावरचा डागही हाताशी ठेवा. वहिनी धुणं भिजवताना तिला बाहीवर काळसर डाग दिसतो. ती सायक्लोस्टाइलची शाई आहे. पाण्यात पडल्यावर रंग कळतो. वाचकाला तो लगेच कळू द्यायचा की पुढच्या प्रकरणात, हे तुमचं तुम्ही ठरवा. मी पुढच्यात कळू देईन.

आणि तारखा बघा काय जुळतात. आणीबाणी उठली २१ मार्च १९७७ ला. म्हणजे त्या दिवशी धाकटा तोंड उघडू शकतो. २३ मार्चला या मालिकेतला शेवटचा खून झाला. मारेकरी पकडले गेले मार्च संपता संपता. शहराला खरं कळायच्या आधी आठवडाभर या घरातलं खरं बाहेर येऊ शकतं. पण इतके महिने संशयानं पाहिलेल्या भावाचं बोलणं थोरला ऐकून घेईल का? शेवटचा भाग त्या आठवड्याचा. तो नीट लिहिला तर मारेकरी कोण निघाले याला अर्ध्या पानापेक्षा जास्त जागा लागणार नाही.

कोणाला ‘तू’, कोणाला ‘तुम्ही’

दहा वर्षांचं अंतर, वडिलांच्या जागी असलेला थोरला. धाकटा त्याला ‘अण्णा’ म्हणेल, आणि त्या घरात त्या काळी ‘अण्णा, तुम्ही’ही म्हणू शकेल. वर मी ‘कुठे होतास’ लिहिलं ते बोलण्याच्या ओघात, तुमच्या कादंबरीत हा प्रश्न पहिल्यांदा ‘कुठे होतात?’ असाच यायला हवा. मग एका रात्री आवाज चढतो आणि तोंडून ‘तू’ जातं. खोलीतले सगळे थांबतात. त्यापुढे हाणामारी लिहायची गरज नाही.

वहिनी नवऱ्याचं नाव घेणार नाही, ‘हे’ म्हणेल. आई थोरल्याला नावानं हाक मारेल, रागावली की पूर्ण नावानं. शेजारच्या काकू ‘तुमचा धाकटा’ म्हणतात की ‘तुमचे बंधू’, त्यावरून त्यांच्या मनात काय चाललंय ते कळतं. फौजदार चौकशीला आला की थोरल्याला ‘अहो कारकून’ म्हणेल आणि धाकट्याला थेट ‘ए’.

पोलीस, आणि सिनेमातून आलेल्या चुका

हे लवकर उरकतो, कारण यात मत कमी आणि माहिती जास्त.

पुण्याला पोलीस आयुक्तालय १९६५ पासून आहे. तेव्हा शहरातल्या खुनाचा तपास ‘जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक’ करत नाहीत. वर आयुक्त, उपायुक्त, सहायक आयुक्त, आणि खाली ठाण्यात इन्स्पेक्टर, फौजदार, जमादार, हवालदार, शिपाई. लोकांच्या तोंडी सब-इन्स्पेक्टर म्हणजे ‘फौजदार’.

प्रेत दिसलं की आधी खबर, मग मरणोत्तर पंचनामा, त्याला पंच लागतात. पंच म्हणजे गल्लीतलीच दोन माणसं, सही करणारी. थोरल्याला पंच करा. त्याला ती खोली बघावी लागेल, सही करावी लागेल आणि घरी येऊन जेवायला बसावं लागेल. प्रेत तपासणीसाठी ससून रुग्णालयात जाईल. सापडलेल्या वस्तू म्हणजे मुद्देमाल, त्यावर लाखेचं सील.

आरोपीनं पोलिसांसमोर दिलेली कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही, पुरावा कायद्यातलं पंचविसावं कलम तेच सांगायचं. मॅजिस्ट्रेटसमोर नोंदवलेली चालते. आरोपीच्या सांगण्यावरून वस्तू निघाली तर तेवढा भाग चालतो. म्हणून फौजदार ‘कबूल कर’ पेक्षा ‘कुठे टाकलंस ते दाखव’ यावर जास्त जोर देईल. अटकेनंतर चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागतं. साथीदारांपैकी एखादा माफीचा साक्षीदार होतो, तसा तो पुण्याच्या खटल्यातही होता. मात्र त्याच्या एकट्याच्या शब्दावर न्यायालयं सहसा विसंबत नाहीत, जोड पुरावा मागतात.

१९७६ ची कथा असेल तर खुनाचं कलम ३०२. कथा १ जुलै २०२४ नंतरची असेल तर भारतीय न्याय संहितेचं १०३. आपल्या कोर्टात न्यायाधीश लाकडी हातोडा आपटत नाहीत. १९७६ मध्ये डीएनए चाचणी नाही, तिचा शोधच १९८४ चा. बोटांचे ठसे आहेत, कुत्रा आहे, वाड्यात बहुधा एकाच घरी फोन आहे आणि परगावी बोलायचं तर ट्रंककॉल लावून वाट बघत बसायचं आहे. मोबाइल येईपर्यंत तुमचा धाकटा चाळिशीत पोचलेला असेल.

खाजगी गुप्तहेर कृपा करून नको. सदाशिव पेठेत प्रत्येक बिऱ्हाडात एक असतोच.

खून किती दाखवायचा

माझा नियम असा की खोलीत जाणारा माणूस तुमचा असेल तरच आत जा. थोरला पंच म्हणून गेला, तर त्याला जेवढं दिसतं तेवढंच. त्याची नजर बहुधा प्रेतावर टिकणारच नाही, ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर जाईल, तिथे पेन्सिलीनं दुधाचा हिशेब लिहिलेला असेल. मारेकऱ्याच्या डोक्यात शिरून गळा आवळण्याचं वर्णन करणारी प्रकरणं मला वरचेवर येतात. ती वाचताना भीती वाटत नाही, लेखकाला मजा आली एवढं कळतं.

खरी माणसं

पुण्यात हे प्रकरण अजून संपलेलं नाही. त्या घरांचे नातलग आहेत, शेजारी आहेत. त्यांच्या घरात काय झालं हे तुम्ही संवाद घालून रंगवू नका. शहर घ्या, साल घ्या, भीती घ्या, तुमच्या गोष्टीतलं घर आणि त्यातले बळी मात्र स्वतः घडवा. खऱ्या घटनांचा उल्लेख पेपरातल्या बातमीइतका, पात्रांच्या बोलण्यापुरता. ‘नावं बदलली’ एवढ्यानं भागत नाही, बंगल्याचं नाव आणि रस्ता तोच ठेवला तर कोण हे कोणालाही कळतं.

यात कायदाही आहे. मेलेल्या माणसाची बदनामीसुद्धा, त्याच्या घरच्यांना दुखावण्याचा हेतू असेल तर, गुन्हा ठरू शकते. जुन्या दंड संहितेत ते होतं, नव्या न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमातही आहे.

लिहायला बसल्यावर

साठ हजार शब्दांचा अंदाज धरा. रोज पाचशे लिहिले तर एकशेवीस दिवस. पहिले दोन आठवडे मात्र कादंबरी लिहू नका, नकाशा आणि तीन रकान्यांची वही पुरी करा. मग दोरी पिठात जाते तो प्रसंग आधी लिहा, कादंबरीत तो कुठेही येवो. तो जमला नाही तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. कोणाच्या नजरेतून सांगणार ते इथेच ठरतं. मी वहिनीच्या बाजूनं झुकेन. ती या घरात बाहेरून आलेली आहे, दोघा भावांच्या जुन्या देण्याघेण्यात तिचा वाटा नाही, आणि कपडे तीच धुते.

मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा, जुन्या फॉण्टमधली फाइल संपादकाकडे उघडली की अक्षरांची खिचडी होते. दिवाळी अंकाला पाठवायचं तर पाऊस पडायला लागायच्या आत, आणि कादंबरीतला एखादा सुटा तुकडा दीर्घकथा म्हणून. आत कथेचा सारांश जोडा आणि खुनी कोण ते त्यात लिहा. ‘उत्सुकता राहावी म्हणून शेवट पाठवलेला नाही’ असं लिहिणाऱ्याची फाइल पहिल्यांदा बाजूला पडते.

पाठवायच्या आधी त्या वर्षी पुण्यात असलेल्या एखाद्या बाईला वाचून दाखवा. मी माझं एक जुनं प्रकरण मावशीला वाचून दाखवलं होतं. १९७६ मध्ये ती डेक्कनवर एका बंगल्याच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायची. डोळे मिटून ऐकत होती. ‘बेल वाजली, आणि सगळे दचकले’ या वाक्याला तिनं डोळे उघडले.

‘बेल कुठली रे? आम्ही डिसेंबरातच बेलची वायर काढून टाकली होती.’

‘मग कोणी आलं तर?’

‘खालून हाक मारायचं. आणि ओळखीचा आवाज असला तरी तुझे काका म्हणायचे, पूर्ण नाव सांगा.’

मी ते वाक्य खोडलं आणि त्याच्या जागी काकांना स्टुलावर चढवलं, हातात स्क्रूड्रायव्हर देऊन.